हाकेला जबाब

माणसं हसवण्याचा धंदा मी तीसेक वर्षं केला. त्यात नाटकं आली, ऑर्केस्ट्रातलं निवेदन आलं, जत्रेतले तंबू आले आणि एकदा तर एका दातांच्या दवाखान्याचं उद्घाटनही आलं. तिथं निम्मे प्रेक्षक तोंडावर रुमाल धरून हसत होते, त्यामुळे माझा विनोद पोचतोय की दाढ दुखतेय, ते शेवटपर्यंत कळलं नाही. या सगळ्यात माझं भांडवल एकच, माझं तोंड. देखणं म्हणून नव्हे, हलत नाही म्हणून. समोर छप्पर कोसळलं तरी माझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही आणि लोकांना त्याचंच हसू येतं. मुलाखतीला येणारी पोरं विचारतात, "सर, हा निर्विकारपणा कुठून कमावलात?" मी सांगतो, साधना. खरं म्हणजे साधना वगैरे काही नव्हती. दुष्काळाच्या एक-दोन वर्षांत घरातल्या कुणालाच काही वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. बाकीच्यांचं पुढं बदललं. माझं तेवढं तोंडावर राहून गेलं आणि त्यावर मी घर चालवलं.

आम्ही वैजापूरकडची मेंढपाळ माणसं. मी एकुलता एक, आणि मेंढरं राखायला नालायक. मोजायला बसवलं तर दरवेळी वेगळा आकडा निघायचा. शेवटी आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "ह्याला साळंत घाला, तिथं मेंढरं नसत्यात." अशा रीतीनं आमच्या भावकीतला पहिला शिकलेला माणूस तयार झाला. मी कॉलेजात पोचलो तोवर पाऊस दोन वर्षं आलाच नव्हता. डोंगराला गवताची काडी उरली नाही तेव्हा आबांनी मेंढरं बाजारात नेऊन विकली. सगळी, एकाच दिवशी. घेणारे खाटीक होते हे सांगायला नको. मी सोबत होतो. मेंढरं ट्रकमध्ये चढताना नेहमीसारखी एकमेकांच्या अंगावर रेलत होती, आणि मी ट्रकच्या मागं रंगवलेलं वाक्य वाचत होतो. ते वाक्य अजून पाठ आहे. त्या दिवशीचं दुसरं काही आठवत नाही.

मग माय आणि आबा शहरात माझ्यापाशी आले. माझ्यापाशी म्हणजे हर्सूलला, पत्र्याच्या एका खोलीत. पत्ता सांगताना मी 'जेलच्या मागं' म्हणायचो, की पुढचा प्रश्न कुणी विचारायचं नाही. तेव्हा औरंगाबाद चहूबाजूंनी सुटल्यासारखं वाढत होतं. कारखाने आले, कारखान्यांमागं माणसं आली आणि माणसांसाठी कॉलन्या निघाल्या. जिथं आमची मेंढरं दिवाळीनंतर बसायची त्या माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. मायला विटा वाहण्याचं काम मिळालं आणि आबांना त्याच बांधकामावर वॉचमनचं. खाकी सदरा मिळाला, शिट्टी मिळाली. रात्री विटा राखायच्या आणि सकाळ-संध्याकाळ नव्या भिंतींवर पाणी मारायचं. टँकर यायचा, लांबूनच भोंगा द्यायचा, वस्तीतल्या बाया घागरी घेऊन धावायच्या आणि टँकर त्यांच्यापुढून तसाच साइटवर जायचा. आबा पाइप धरून भिंती भिजवत उभे राहायचे. सिमेंट पाणी पिताना बारीक चर्र आवाज होतो. तो आवाज ऐकत ते भिंतीजवळ कान नेऊन उभे असलेले मी पाहिलेत.

आबांनी बोलणं सोडलं होतं. रुसले नव्हते, आजारी नव्हते. वाढलं की जेवत, हाक मारली की बघत. व्हय आणि नाय एवढे दोन शब्द शिल्लक होते आणि तेही मोजके. माय मात्र दोघांचं मिळून बोलायची. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, पत्रा तापून कडकड वाजायचा आणि तिची जीभ चालू. पिशवीतलं दूध हुंगून म्हणायची, "ह्याला वासच नाय. जनावराचं हाय का नळाचं?" आबांकडं बघून म्हणायची, "दिसभर भितीला पानी पाजतो ह्यो मानूस. भीत काय दूध देनार हाय व्हय रं ह्याला?" आबा माडग्यात भाकरी कुस्करत राहायचे. मी हसायचो नाही, तीही हसायची नाही. आज मी हे स्टेजवर सांगितलं तर टाळ्या पडतील. तेव्हा तो घरातला नुसता एक आवाज होता, पत्र्यासारखा.

नाटकात मी पंख्यामुळे शिरलो. आमच्या खोलीत वीज नव्हती आणि कॉलेजच्या हॉलमध्ये सहा पंखे होते. दुपारी तिथं एकांकिकेची तालीम चालायची, मी मागं जाऊन झोपायचो. तालीम घ्यायचे विनूसर. ते कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होते, पण कचेरीपेक्षा आमच्या हॉलमध्ये जास्त सापडायचे. एकदा त्यांनी मला उठवलं आणि एक ओळ वाचायला लावली. मी वाचली. हॉल हसला. मला वाटलं पँट फाटलीय. विनूसर जवळ येऊन माझ्या तोंडाकडं पाहत म्हणाले, "अरे, ह्याच्या थोबाडावर काहीच नाही! सोनं आहे हे सोनं."

एकांकिका त्यांनीच लिहिली होती. दुष्काळात एक मेंढका मेंढरं घेऊन शहरात येतो आणि नव्या कॉलनीत हरवतो, कारण सगळी घरं सारखीच. मेंढका मी. मेंढरं म्हणजे घोंगडी पांघरलेली सहा पोरं. त्यातलं सगळ्यात वात्रट मेंढरू मोईन. मोईन जुन्या शहरातला, त्याच्या अब्बांचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मेंढरू त्यानं आयुष्यात फक्त ईदला पाहिलेलं, पण ओरडायचा असा, की मायनं पहिल्या प्रयोगाला ऐकलं तेव्हा पदर सावरता सावरता तिचा हात थांबला. नाटकात एका जागी मी कॉलनीच्या मधोमध उभा राहतो आणि पाण्यासाठी हाक देतो. विनूसरांना हाक जमेना, म्हणून मी आमची खरी दिली.

ही हाक समजून घ्यावी लागेल. मेंढरं घेऊन अनोळखी मुलखात गेलं, की टेकाडावर चढून ओरडायचं, "पानी हाय का रंऽऽऽ?" ज्याच्या कानावर पडेल त्यानं जबाब द्यायचाच. ओळखीचा असो, नसो, वैरी असो. कुठं आहे, किती आहे, कुठल्या अंगानं उतरायचं, एवढं सांगायचं. एकानं सांगितलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, नाहीतर चार दिशांच्या चार आवाजांनी हाक देणारा गोंधळतो. आणि तो शेवटी ओरडतो, "कळलंऽऽ!" मग व्यवहार पुरा. लग्नाच्या देण्याघेण्यावरून आबांचं आणि त्यांच्या सख्ख्या साडूचं दहा वर्षं बोलणं नव्हतं, पण त्या दहा वर्षांत डोंगराआडून साडूच्या हाकेला आबांनी कितीदा जबाब दिला, त्याची गणती नाही. नाटकात माझ्या हाकेला कुणीच जबाब देत नाही, असं विनूसरांनी लिहिलं होतं. दहा सेकंद शांतता आणि मग वरच्या गॅलरीतून एक बाई माझ्या अंगावर भांड्याचं खरकटं पाणी ओतते, हशा.

पहिला प्रयोग कॉलेजातच झाला. माय आबांना घेऊन आली. आबा खाकी सदऱ्यातच सातव्या रांगेत बसले होते. मी हाक दिली. शांततेचे दोन सेकंद गेले असतील, आणि सातव्या रांगेतून आवाज आला. हॉलच्या भिंतींसाठी तो आवाज फार मोठा होता. "हर्सूलला हाय रंऽऽऽ! गुडघ्याएवढं हाऽऽय! उगवतीकडनं उतर, मावळतीला गाळ हाऽऽय!"

आबा उभे होते. हात तोंडाशी धरलेला. आणि हॉल फुटला. लोक खुर्च्यांवर हात आपटत होते, शिट्ट्या वाजत होत्या, गॅलरीतली बाई पाणी ओतायचं विसरून स्वतःच हसत होती. मी तोंड न हलवता ओरडलो, "कळलंऽऽ!" त्यावर दुसरा हशा आला. मायनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत नव्हती. मेंढरं विकल्यापासून आबा पहिल्यांदा तीन वाक्यं सलग बोलले होते.

पडदा पडल्यावर मोईन घोंगड्यातून बाहेर येत म्हणाला, "अबे, वो कौन था रे? क्या टायमिंग था! अपुन तो रिहर्सल में सुना नै उसको."

"माझे वडील आहेत."

"चल, झूटे."

घरी चालत जाताना मी म्हणालो, "आबा, ते नाटक व्हतं."

"ठावं हाय की."

"मंग?"

"हाक खरी व्हती," आबा म्हणाले.

तिथून पुढं आबा प्रत्येक प्रयोगाला आले. विनूसरांना ते हवे होते, कारण असा हशा लिहून मिळत नाही. मायला ते तिथं हवे होते, कारण त्या एका जागी त्यांना आवाज फुटायचा. प्रयोग असला की ती सकाळपासून त्यांच्या मागं लागायची, "उठा, पोराच्या हाकंला जायचं हाय." आणि आबा दुपारी आधी हर्सूलच्या तळ्यावर जाऊन यायचे. मी एकदा मागोमाग गेलो. ते धोतर वर धरून पाण्यात उतरले, उभे राहिले, पायाकडं पाहिलं आणि परत फिरले. दुसऱ्या प्रयोगाला त्यांनी पोटरीएवढं सांगितलं. तिसऱ्याला घोट्याएवढं. प्रेक्षकांना वाटायचं दरवेळी नवा विनोद आहे. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत परीक्षकांनी 'प्रेक्षागृहाचा कल्पक वापर' म्हणून आमचं कौतुक केलं. आम्ही अंतिम फेरीत गेलो.

घरच्या लग्नकार्यात पंगती उठल्या की चुलत बहिणींची पोरं मला घेरतात, "मामा, आबांचं नाटकातलं सांगा." मी सांगतो, आवाजासकट. पण अंतिम फेरीत पोचलो म्हणतो आणि चहा मागतो. बक्षीस कपाटात आहेच, पुढचं त्यांचं ती समजून घेतात. पुढचं मी मायलाही कधी नीट सांगितलं नाही, ती तिथं होती तरी.

अंतिम फेरीच्या आधल्या आठवड्यात तळं आटलं. तळाशी नुसत्या भेगा आणि मधोमध एक बैल रुतावा एवढा चिखल. तालमीत मी हे सहज बोललो. विनूसरांचा चेहरा पडला.

"मग ते काय म्हणतील?"

"आटलं म्हणतील."

"अरे, मग हसणार कोण?"

"ते खरं तेच सांगत्याल, सर."

"खरं कुणाला हवंय? हशा पाहिजे तिथं. मुंबईच्या नाटक कंपनीचे लोक येणार आहेत बघायला, तुझं नाव ऐकून येतायत ते." ते डोकं धरून बसले. "तुझ्या वडिलांना आणायचंच नाही का?"

इथं मी तोंड उघडायची काही गरज नव्हती. पण मुंबईच्या कंपनीचं ऐकलं होतं. मी म्हणालो, आबांना आणू, नाहीतर मायला वाईट वाटेल. फक्त त्यांच्याआधी दुसऱ्या कुणीतरी जबाब द्यायचा. आमच्यात पहिला जबाब आला की बाकीचे बोलत नाहीत, आबा आपोआप गप्प बसतील. विनूसरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मोईनला घोंगड्यातून काढून प्रेक्षकांत बसवायचं ठरलं आणि त्याचं वाक्य मीच लिहिलं. मला चांगलं आठवतं, वहीच्या शेवटच्या पानावर, एका दमात, न खोडता. आयुष्यात मी लिहिलेला तो पहिला विनोद.

मोईन तेवढा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तेरे अब्बा को बुरा तो नै लगेंगा ना रे?"

"नाय रे," मी म्हणालो. "त्यांना काही वाटत नाही."

प्रयोग दुपारी तीनचा होता. नाट्यगृह भरलेलं, मागं लोक उभे. माय नवं लुगडं नेसली होती. आबा तसेच खाकीत, सातव्या रांगेत. मी मधोमध आलो, हाक दिली. आबांचा हात तोंडाकडं निघालेला मला दिसला. तेवढ्यात मागून मोईन ओरडला, "हाय की रंऽऽऽ! चौथ्या गल्लीत, गुलाबी बंगल्यात! हौद भरून हाऽऽय! कारंजं बी चालू हाऽऽय!"

हशा छपराला लागला. आबांचा हात खाली आला. ते मागं वळून आवाज कुठून आला ते पाहत होते. माझा हिशेब बरोबर निघाला होता. हशा ओसरायची वाट पाहत मी उभा राहिलो. त्यानंतर मी म्हणायचं, 'चला रं, गुलाबी बंगल्याला!' आणि मेंढरं घेऊन निघायचं. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नव्हती. पाण्याच्या जबाबात कुणी लबाड बोलल्याचं मी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे तसं झालं तर ऐकणाऱ्यानं काय करायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आबा उठले. "लबाड बोलतोय त्योऽऽऽ! जाऊ नगंस रंऽऽऽ!" त्यांचा आवाज चिरकला. "तळं आटलंऽऽऽ! कुठंच नाय पानी! मेंढरं हायेत तिथंच बसीव, सावलीला बसीव! चालवू नगंस त्यास्नी!"

आता हसण्याची हद्द झाली. पहिल्या रांगेतले परीक्षक डोळे पुसत होते. आबा उभेच होते. ते माझ्याकडं बघत होते आणि वाट पाहत होते, कारण हाक देणाऱ्यानं कळलं म्हणायचं असतं. एक शब्द. म्हटला असता तर नाटक तिथं दोन क्षण अडखळलं असतं आणि विनूसरांनी ते सावरलं असतं. मी आबांकडं पाहिलं, म्हणजे पाहिलंच. मग मी मेंढरांकडं वळलो आणि म्हणालो, "चला रं, गुलाबी बंगल्याला!" घोंगड्यातली पाच पोरं बेंऽऽ करत माझ्यामागं निघाली. विंगेत पोचेपर्यंत टाळ्या थांबल्या नाहीत. विंगेतून मी पाहिलं. आबा अजून उभे होते. मागच्या रांगेतल्या कुणीतरी त्यांच्या सदऱ्याला धरून म्हटलं, "काका, बसा आता, झालं तुमचं काम." ते बसले.

विनोदी अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. परीक्षक म्हणाले, ह्या मुलाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. मुंबईच्या कंपनीच्या माणसानं पत्ता लिहून घेतला. मी 'जेलच्या मागं' म्हणालो, तर तोही हसला. मला आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं आहे, की मला भूक लागली होती. मोईन दारात उभा होता. मला पाहताच सायकल काढून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाणी मारायला निघाले होते. माय चुलीशी. करंडक कोनाड्यात देवांच्या शेजारी ठेवलेला, तोही मायनं. आबांनी सदऱ्याची बटणं लावली, चहाची पितळी हातात घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"त्यो पोरगा कोन? बंगल्यात पानी हाय म्हननारा."

"मोईन. मपला दोस्त हाय."

"मेंढरं राखलीत का त्यानं कवा?"

"नाय. शहरातला हाय त्यो."

"मंग त्याचा दोस नाय." त्यांनी चहा फुंकला. "त्याला कोन सांगनार, काय बोलावं अन् काय नाय."

ते वाक्य माझं होतं, हे त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तुला ठावं व्हतं," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी सांगितलं व्हतं तुला, कुठंच नाय म्हनून. तरी न्हेलीस तू मेंढरं."

"आबा, ती पोरं व्हती. घोंगडी पांघरल्याली."

आबांनी पितळी खाली ठेवली.

"व्हय," म्हणाले, आणि शिट्टी गळ्यात अडकवून कामावर गेले.